एअर पिस्तुलाच्या नायलॉन बॉडीवरचे डाग: साचा दुरुस्तीच्या नोंदी

आधी काम काय ते सांगतो. नवशिक्यांच्या सरावासाठी ४.५ मिमीचं एअर पिस्तूल, त्याची बाहेरची बॉडी. मूठ, ट्रिगर गार्ड आणि नळीखालचा पुढचा भाग सगळं एकाच तुकड्यात. नळी, व्हॉल्व्ह, ट्रिगर हे गिऱ्हाईक स्वतः करतं, आमच्याकडे फक्त प्लॅस्टिक. मटेरियल पीए ६६ (एक प्रकारचा नायलॉन), त्यात ३० टक्के ग्लास म्हणजे काचेचे तंतू, काळं. साचा दुसऱ्या टूलरूममध्ये बनून आमच्याकडे भोसरीला आलेला. एकच कॅव्हिटी (तुकडा भरतो ती पोकळी), डावी आणि उजवी अशा दोन अर्ध्या बाजू, मुठीत खालून आणि खोबणीत वरून येणारे दोन स्लाइडर (साच्याचे सरकणारे भाग). मशीन १५० टनी. मापं बरोबर आहेत, तक्रार फक्त दिसण्याची. असल्या कामात हात घालणाऱ्याला उपयोग होईल म्हणून लिहून ठेवतोय.

२२ जुलै २०२४, सोमवार

साचा चढवला. आलेल्या कागदावरचीच सेटिंग ठेवून माल काढला आणि तुकडे ट्यूबलाइटखाली तिरके धरून पाहिले. सरळ उजेडात काळ्या नायलॉनवर अर्धे दोष दिसतच नाहीत.

काय काय दिसलं: गेटपासून (प्लॅस्टिक साच्यात शिरतं ते तोंड) पंख्यासारख्या पसरलेल्या चंदेरी रेघा. डाव्या बाजूला पिनेच्या बॉसवर (पिन धरणारा आतला फुगवटा) खळगा, बोटाला कळेल इतका. मुठीच्या वरच्या भागात पांढुरके पट्टे, राख लागल्यासारखे. ट्रिगर गार्ड मुठीला मिळतो तिथे केसासारखी रेघ. गार्डच्या आतून आणि मुठीच्या पुढून-मागून जाणारी पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन अर्ध्यांच्या सांध्याची शिवण), दोन ठिकाणी धारदार. इजेक्टर पिनांचे (तुकडा साच्यातून ढकलणाऱ्या पिना) गोल मात्र मुठीच्या बाजूच्या पट्ट्यांखाली झाकले जातात. साचा आखणाऱ्याने तेवढं डोकं चालवलंय.

गिऱ्हाइकाच्या माणसाने आधीच काही तुकड्यांवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर मारून आणलेला. ग्लास भरलेल्या नायलॉनवर हे करू नका. वरचा नायलॉनचा पातळ थर जातो, खालची काच उघडी पडते आणि तो भाग करडा दिसतो. त्यावर तेल चोळलं की काळा होतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा करडा. रंग मारायचा म्हटलं तर नायलॉनवर रंग नीट धरत नाही. शिवाय ती काचेची धूळ नाकात जाते ते वेगळंच.

२३ जुलै

चंदेरी रेघांपासून सुरुवात. हा दोष सगळ्यात सोपा, आणि तो असेपर्यंत बाकीचं काही नीट दिसत नाही.

रेघा म्हणजे प्लॅस्टिकच्या दाण्यातलं पाणी. नायलॉन हवेतलं पाणी ओढतो, मशीनच्या बॅरलमध्ये (प्लॅस्टिक वितळवणारी नळी) २८५ अंशाला त्याची वाफ होते आणि ती साच्याच्या भिंतीवर ओढली जाते. दाणा ८० अंशाला चार तास वाळवला होता असं ऑपरेटरने सांगितलं, आणि ते खरंच होतं. पण गोणी उघडी होती, बाहेर पाऊस. ओलावा मोजून आणला: ०.३८ टक्के. ०.२ च्या खाली पाहिजे.

अजून चार तास वाळवला. रेघा कमी झाल्या, गेल्या नाहीत.

२६ जुलै

काल गुरुवार, सुट्टी. तसाही पुण्यात इतका पाऊस झाला की कोणी पोचलं नसतं. खडकवासल्यातून पाणी सोडलं, नदीकाठच्या सोसायट्यांमध्ये शिरलं. आमच्या एका हेल्परचं घर त्यातच. त्याला आठवड्याची सुट्टी आणि उचल दिली.

हॉपर (मशीनवरचं दाणा भरायचं नरसाळं) ड्रायर साधा गरम हवेचा. तो बाहेरचीच हवा आत घेतो आणि गरम करून दाण्यातून सोडतो. बाहेरची हवा ओली असेल तर दाणा एका मर्यादेपलीकडे सुकतच नाही, कितीही तास ठेवा. उन्हाळ्यात हाच ड्रायर पुरतो. पावसाळ्यात डीह्युमिडिफायर ड्रायरच लागतो, त्यात हवा आधी कोरडी होते. भाड्याने आणला, पंधरा दिवसांचे ९,००० रुपये.

रात्रभर वाळवला. सकाळी ओलावा ०.१२, रेघा संपल्या. एक काळजी घ्यायची: हॉपरमध्ये अर्ध्या तासाला पुरेल एवढाच दाणा. नाहीतर हॉपरमध्येच पुन्हा ओला होतो.

३० जुलै

रविवारी मनू भाकरला पॅरिसमध्ये १० मीटर एअर पिस्तुलात कांस्य, आज सरबज्योतबरोबर मिश्र गटात दुसरं. दुपारी गिऱ्हाइकाचा फोन: "दुकानदार मागे लागलेत हो, पंधरा दिवसांत माल द्या." रेघा गेल्या, बाकी सगळं तसंच आहे म्हणून सांगितलं. "तुम्ही म्हणाल ते," म्हणाले, आणि संध्याकाळी परत तोच फोन.

२ ऑगस्ट

(काल कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचंही कांस्य. ते रायफलचं, ५० मीटर थ्री पोझिशन. फोन आता सकाळपासूनच सुरू.)

पांढुरके पट्टे. ही ग्लास वर येते. थंड भिंतीला लागताच नायलॉन गोठतो आणि काचेचे तंतू त्वचेत उघडेच राहतात. भिंत गरम असली तर नायलॉनला वर यायला वेळ मिळतो, तंतू त्याखाली झाकले जातात. साचा नळाच्या पाण्यावर चालला होता. हात लावला तर कोमट, मोजला तर ४२ अंश.

टेंपरेचर कंट्रोलर जोडून ६० वर नेला: फरक आहे, पुरेसा नाही. ८५ वर: पट्टे जवळपास गेले, काळा रंग एकसारखा आला. साध्या पाण्याच्या कंट्रोलरवर ९० च्या पुढे जायचं नाही, त्यापुढे प्रेशरच्या पाण्याचा किंवा तेलाचा लागतो. सोबत इंजेक्शनचा वेग वाढवला. आधी कोणीतरी फ्लॅशच्या (सांध्यातून बाहेर आलेली प्लॅस्टिकची पातळ कड) भीतीने तो फार कमी ठेवला होता.

याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागली. सायकल ३८ सेकंदांवरून ४७ वर गेली. आणि गरम साच्यात नायलॉन जास्त आकसतो, त्यामुळे दोन पिनांच्या भोकांमधलं ९० मिमीचं अंतर ०.१२ ने कमी भरलं. ड्रॉइंगवर ±०.२ आहे म्हणून निभावलं. तुमच्याकडे ±०.१ असेल तर साच्याचं तापमान आधी ठरवा, मापं नंतर पक्की करा.

९ ऑगस्ट

खळगा. बॉडीची भिंत ३ मिमी, त्याला आतून चिकटलेला पिनेचा बॉस भरीव. तिथे प्लॅस्टिकचा गोळा जमतो, सगळ्यात शेवटी गार होतो आणि आकसताना बाहेरची भिंत आत ओढतो.

नेहमीचा उपाय म्हणजे होल्डिंग प्रेशर (साचा भरल्यावरही मागून ठेवायचा दाब) वाढवणे. वाढवलं, खळगा होता तेवढाच, आणि पार्टिंग लाइनवर फ्लॅश आला. म्हणजे दाब बॉसपर्यंत पोचतच नाही.

मग वजनाचा प्रयोग केला. होल्डिंगची वेळ एकेक सेकंद वाढवत प्रत्येक तुकडा तोलायचा. गेट उघडं आहे तोवर वजन वाढतं, गोठलं की थांबतं. इथे चौथ्या सेकंदालाच १३८.४ ग्रॅमवर वजन थांबलं. गेटची जाडी मोजली: १.२ मिमी. भिंत ३, गेट १.२. दार लवकर बंद होत होतं, मागून कितीही ढकला. ग्लास भरलेल्या नायलॉनला भिंतीच्या निम्म्याहून जास्तच गेट लागतं.

म्हणजे गेट मोठं करायचं. पण ते आहे नळीखालच्या टोकाला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मोठं केलं की कापलेला डाग मोठा. म्हणून त्याला आत्ता हात लावला नाही, गार्डच्या रेघेचं बघूनच ठरवू.

बॉसमध्ये मात्र आजच बदल केला. त्यातली कोअर पिन ६ मिमी लांब केली, म्हणजे बॉस आतून पोकळ झाला आणि मुळाशी प्लॅस्टिक कमी झालं. साच्यातलं पोलाद कमी करणं सोपं, वाढवणं अवघड. सुदैवाने इथे सुटी पिन होती, नवी बनवून टाकली. ३,५०० रुपये. खळगा निम्मा झाला.

१४ ऑगस्ट

वाया गेलेला दिवस.

गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर गार्डजवळच्या रेघेवर साचा "जरा हाताने फिरवून" घ्यायचं ठरलं. पॉलिशवाले काका आले. त्यांना रेघ दाखवली, त्यांनी कॅव्हिटीतली तेवढी जागा दगडाने आणि मग डायमंड पेस्टने घासली. साच्याच्या आत स्पार्कचा (विजेच्या ठिणग्यांनी कोरलेला) खडबडीत पोत आहे, व्हीडीआय ३० (खडबडीतपणाचं माप) च्या आसपास. घासलेल्या जागी तो पोत गेला. तुकडा निघाला तर रेघ जिथल्या तिथे, आणि तिच्याभोवती नाण्याएवढा चकचकीत ठिपका. आधी रेघ शोधावी लागत होती, आता ठिपका हातभर अंतरावरून दिसतो.

काकांचा यात दोष नाही. त्यांनी आधीच विचारलं होतं, "साहेब, पोत जाईल, चालेल ना?"

ही रेघ म्हणजे वेल्ड लाइन, ती साच्यावर नसतेच. प्लॅस्टिकचे दोन प्रवाह तिथे भेटतात म्हणून ती पडते. साचा आरशासारखा घासला तरी तिथेच पडणार.

पॉलिशचे २,००० रुपये. पोत परत आणायचा तर नवीन कॉपर इलेक्ट्रोड करून स्पार्क मारायचा. तोही ठिपक्यापुरता मारला तर कड दिसते, म्हणून ती अख्खी बाजू. भाव काढला: २८,०००. ते काम सगळ्यात शेवटी करायचं, गेटचं नक्की झाल्यावर.

२० ऑगस्ट

अर्धे शॉट (मुद्दाम अर्धवट भरलेले तुकडे) काढले. होल्डिंग बंद, आणि शॉट साइज थोडा थोडा कमी करत तुकडे टेबलावर ओळीने मांडले. प्लॅस्टिक कुठून कुठे जातं ते यात उघड दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये फ्लो बघायची सोय नसेल तर हे कराच. असेल तरी करा.

दिसलं ते असं. गेट पुढच्या टोकाला. तिथून प्रवाह मागे येतो, गार्डच्या पुढच्या मुळाशी पोचतो. गार्ड बारीक, बॉडी जाड, म्हणून गार्डमध्ये प्रवाह रेंगाळतो आणि बॉडीतून पुढे निघून जातो, मुठीत उतरतो, मग गार्डमध्ये मागच्या बाजूने शिरतो. दोघे भेटतात मुठीजवळ, बरोबर मधलं बोट टेकतं तिथे. त्यात हवा निघायला तिथे व्हेंट नाही. ग्लासचे तंतू ती रेघ ओलांडत नाहीत, त्यामुळे तिथली ताकद चांगल्या भागाच्या निम्म्याच्या आसपास येते. म्हणजे हा नुसता दिसण्याचा प्रश्न नव्हता. गार्ड हाताने वाकवून तोडला, तर रेघेवरच तुटला.

रेघ घालवता येणार नाही. गार्ड हे कडं आहे, प्रवाह दुभंगणार आणि पुन्हा भेटणार. कुठे भेटायचं एवढंच आपल्या हातात.

ठरलं: गेट मुठीच्या टाचेला न्यायचं. तिथे खालचं झाकण बसतं, त्यामुळे गेटचा डाग कायमचा झाकला जातो आणि गेट हवं तेवढं जाड ठेवता येतं. प्रवाह मुठीतून वर चढेल, गार्डमध्ये मागून शिरेल, बॉडीतला प्रवाह फिरून पुढून येईल, रेघ गार्डच्या पुढच्या वळणावर जाईल. तिथे बोट लागत नाही.

२८ ऑगस्ट

नवीन गेट १.९ मिमी, सुट्या इन्सर्टमध्ये, एच १३ पोलाद, ५२ एचआरसी (कडकपणाचं माप). ग्लास गेटला खाते, म्हणून सुटं आणि कडक. बाकी साचा पी २० पोलादाचा, मऊ आहे. इन्सर्ट आणि रनरचं (गेटपर्यंत प्लॅस्टिक नेणारी वाट) काम मिळून ११,०००. जुन्या गेटची खाच लेझर वेल्डिंगने भरून घेतली, ४,५००. ती प्लग ठोकून बंद करायचा सल्ला फिटरने दिला होता आणि तो स्वस्तही पडला असता. पण प्लगची कड तुकड्यावर उमटते, आणि ही जागा पुढची.

गार्डच्या पुढच्या वळणावर पार्टिंग लाइनवर ०.०२ मिमीचा व्हेंट, आणि त्याच्या बाहेर एक छोटा ओव्हरफ्लोचा खड्डा. प्रवाहांची थंड तोंडं त्या खड्ड्यात ढकलली जातात, मागचं गरम प्लॅस्टिक एकमेकांत मिसळतं. खड्ड्यात भरलेलं कान नंतर कापून टाकायचं.

ट्रायल घेतली. वजन आता अकराव्या सेकंदापर्यंत वाढत राहिलं, १४१.७ वर थांबलं. बॉसवरचा खळगा बोटाला लागत नाही, तिरक्या उजेडात जेमतेम दिसतो. रेघ ठरवलेल्या जागी गेली.

ऑपरेटर म्हणाला, "दादा, प्रेशर तर तेवढंच ठेवलंय." तेवढंच ठेवलं होतं, आता ते बॉसपर्यंत पोचतंय.

३ सप्टेंबर

पार्टिंग लाइन. फिटरने दोन्ही अर्ध्यांवर निळं (कुठे टेकतं ते दाखवणारा रंग) लावून बघितलं. मुठीच्या मागे दोन जागी निळं उठतच नव्हतं, म्हणजे साचा तिथे टेकत नव्हता. धार तिथलीच. ब्लॉकखाली शिम टाकून आणि उंच जागा घासून बसवलं. पैसे नाहीत, दिवसभराचं काम.

उरलेली लाइन तुकड्यावर कार्बाइडच्या सरळ पात्याने एकदाच ओढून काढायची. चाकू नको, तो खोल शिरतो आणि पांढरी रेघ सोडतो. पेपर तर नकोच, वर लिहिलंय.

दुपारी गिऱ्हाइकाचे क्वालिटीवाले साहेब. त्यांना गार्डच्या आतली शिवणसुद्धा नको. वाद झाला. शेवटी मी त्यांच्याच शोकेसमधल्या ग्लॉक पिस्तुलाच्या चित्राकडे बोट दाखवलं. ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक १७ घेतलं १९८२ मध्ये. त्याआधी हेकलर अँड कोखने १९७० मध्ये व्हीपी ७० पिस्तूल काढलं, तीही पॉलिमरचीच बॉडी. इतकी वर्षं झाली, ग्लॉकच्या गार्डच्या मधोमध शिवण आजही दिसते. दोन अर्ध्यांचा साचा म्हटलं की शिवण असणारच. तिला हाताला लागू द्यायचं नाही, एवढंच बघायचं. ग्लॉकचा खडबडीत काळा पोतही पकडीसाठी असतो तसा बारीक दोष झाकायलाही कामी येतो. चकचकीत काळ्यात हेच तुकडे कोणी पास केले नसते.

ठरलं ते कागदावर घेतलं. अ बाजू म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या दोन्ही कुशी: ५० सेंटिमीटरवरून, ट्यूबलाइटखाली, दहा सेकंदांत जे दिसत नाही तो दोष नाही. ब बाजू म्हणजे गार्डचा आतला भाग आणि मुठीचा मागचा: शिवण चालेल, नखाला अडकता कामा नये. पट्ट्यांखालचं आणि खोबणीतलं बघायचंच नाही. दोन्हीकडच्या सह्या करून लिमिट सॅम्पल (कुठवरचा दोष चालेल ते दाखवणारे नमुने) ठेवले, एक संच त्यांच्याकडे, एक आमच्याकडे पेटीत. हे खरं तर २२ जुलैलाच करून घ्यायला हवं होतं. नंतर कोणी टॉर्च घेऊन आला की भांडण संपत नाही.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. निम्मी पोरं कोकणात गेली. साचा उतरवून स्पार्कला पाठवला.

१९ सप्टेंबर

परवा विसर्जन झालं, आज साचा परत. डावी बाजू अख्खी नव्याने स्पार्क केलेली, व्हीडीआय ३०. ३३ करा, अजून झाकेल, असं स्पार्कवाला म्हणत होता. पण मुठीच्या बाजूंना उतार फक्त दीड अंश आहे. पोत जितका खोल तितका उतार जास्त लागतो, नाहीतर साचा उघडताना तुकडा घासत निघतो आणि उभे ओरखडे पडतात. उजव्या बाजूला हे थोडं होतंच, ते डावीकडे वाढवून घ्यायचं नव्हतं.

डावं-उजवं शेजारी ठेवून पाहिलं. डावं नवीन, म्हणून थोडं जास्त मॅट. साच्याची उजवी बाजू बारीक काचेच्या मण्यांनी ब्लास्ट करून जवळ आणली. तंतोतंत नाही. ५० सेंटिमीटरवरून कळत नाही.

२३ सप्टेंबर

पहिला लॉट. सकाळी मशीन सुरू केल्यावर साचा ८५ ला पोचेपर्यंतचे तुकडे सरळ भंगारात, त्यांच्यावर पट्टे असतात. रिग्राइंड (दळून पुन्हा वापरलेलं प्लॅस्टिक) अजिबात नाही. दळताना तंतू तुटतात, आणि हा भाग पडला तर गार्डवर आदळतो.

नुकते निघालेले तुकडे कोरडे आणि ठिसूळ असतात, म्हणून ड्रॉप टेस्टआधी गरम पाण्यात ठेवले. मग दीड मीटरवरून सिमेंटच्या फरशीवर, गार्ड खाली करून. रेघेवर तडा नाही.

खर्च: ड्रायर, पिन, पॉलिश, स्पार्क, गेट, वेल्डिंग मिळून ५८,०००. मटेरियल आणि मशीनचे तास वेगळे. त्यातले ३०,००० त्या एका ठिपक्याचे, पॉलिश करण्याचे आणि पॉलिश झाकण्याचे. गिऱ्हाइकाने त्यातला अर्धा भाग देतो म्हणून मेल केला आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

बाकी राहिलेलं: ओव्हरफ्लोचं कान हाताने कापतो, त्याची खूण गार्डच्या वळणावर राहते आणि प्रत्येक ऑपरेटरची वेगळी दिसते. त्यासाठी छोटं जिग करायचंय. आणि गेट इन्सर्ट १०,००० शॉटनंतर काढून मोजायचं, १.९ चं किती झालं ते बघायला. रजिस्टरमध्ये शॉट काउंटर आजपासून लिहायला लावलाय.